टाचेची रेघ

दरड कोसळली तेव्हा कबाशी ओढ्याच्या वळणावर धातू शोधायचं यंत्र फिरवत होता. मागे धप्पकन आवाज झाला. वळून पाहतो तर जिथे त्याचा धाकटा भाऊ अदलान कपारीत वाकून उकरत होता, तिथे नुसता मातीचा ढीग.

तो धावत सुटला. तिसरा भागीदार तिजानी चहा चुलीवर तसाच टाकून फावडं घेऊन आला. वाळवंटात पूर येऊन गेला की अबू हमदच्या बाजारातून सोनं शोधणारे असेच ओढ्यांकडे पळतात. पूर वाळू धुऊन नेतो, जड ते मागे ठेवतो आणि जाता जाता काठही पोखरतो. हे तिघांनाही ठाऊक होतं. पण यंदाचा हंगाम कोरडा गेला होता, आणि मग माणूस नको त्या कपारीत डोकं घालतोच.

ढीग उंच नव्हता, पण अंगणाएवढा पसरला होता. अदलान त्यात कुठे होता? मातीच्या लोंढ्याने त्याला किती ढकललं होतं? चुकीच्या जागी खणत बसलं तर पोरगा खाली गुदमरून जाणार. कबाशीने हाका मारल्या. मातीतून काही उत्तर आलं नाही.

त्याने यंत्र उचललं. अदलानच्या दंडाला सुरी असते, ती वाजेल. यंत्राजवळ धातू बाळगायचा नाही म्हणून सुरी, घड्याळ, मोबाइल, सगळं सकाळीच डब्यात काढून ठेवायचं, हा नियम कबाशीनेच घातलेला. आता तो मनातल्या मनात विनवत होता, या अल्ला, आज तरी पोरानं माझं ऐकलेलं नसू दे.

यंत्र वाजलं. लोखंडावर खरखरतं तसं नाही. मऊ, गोल, हलकेच वर चढून खाली उतरणारा सूर. सोनं. अख्खा हंगाम ज्या आवाजासाठी तो कान लावून बसला होता, तो आज, या वेळी. दरडीच्या पोटातलं वर आलं असावं. कबाशी त्या सोन्यावर थुंकला आणि पुढे सरकला. सूर आला की टाचेने रेघ ओढायची, उकरणारा मागून येतो. पायाला इतकी सवय की टाचेने रेघ आपसूक ओढली.

पुढे यंत्र मुकं. इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. मुकंच.

"कबाशी, थांब," तिजानी म्हणाला. त्याने डबा उघडून धरला होता. आत अदलानची सुरी होती, घड्याळ होतं, पट्टासुद्धा होता. "तुझा नियम पाळलाय त्यानं. अंगावर टाचणीसुद्धा नाही. यंत्र काय कप्पाळ वाजणार?"

कबाशीने हेडफोन फेकून दिला आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उपसू लागला, दिसेल तिथे. नखं फुटली. आईला काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. बिचारा पोरगा. सकाळीच तर त्याच्यासाठी तो भांडला होता. याच कपारीत पुसटसं काहीतरी वाजलं होतं, आणि उकरून झाल्यावर तिजानीने विचारलं होतं, "काय निघालं रे?"

"गंजका खिळा," अदलान म्हणाला होता. गालात तंबाखूची गोळी धरून तो अर्धं बोलायचा, अर्धं गिळायचा.

"दाखव बघू."

"फेकला. का, बायकोला बांगडी करणार होतास त्याची?"

तिजानीने डोळे बारीक केले तेव्हा कबाशीच मध्ये पडला होता. माझ्या भावाला चोर म्हणायचं नाही, म्हणाला. वर स्वतः आईची शपथ घेतली होती.

फावड्याचा आवाज आला म्हणून त्याने मान वळवली. तिजानी टाचेच्या रेघेवर खणत होता.

कबाशीच्या अंगाची आग झाली. कुदळ हातात आली कधी ते त्यालाही कळलं नाही. "माझा भाऊ खाली मरतोय आणि तुला सोनं सुचतंय? डोकं फोडीन तुझं."

तिजानी थांबला नाही. "कुठंतरी खणायचंच आहे ना? तू तिथं खण, मी इथं खणतो."

कुदळ उगारलेली तशीच राहिली. फावड्याखालून पांढरं कापड वर आलं होतं. फेटा.

मग दोघेही हातांनीच उकरू लागले. अदलान कुशीवर पडला होता, फेटा तोंडावर घट्ट आलेला, म्हणून माती नाकात शिरली नव्हती. पण तो निळा पडला होता आणि छाती हलत नव्हती. कबाशीने त्याला ओढून वर काढलं, पाठीवर थापा मारल्या. दातखीळ बसली होती. घास अडकलाय की काय म्हणून त्याने जबडा जोराने उघडून बोट आत घातलं. गालफडात काहीतरी टणक होतं. तंबाखू नव्हती. त्याने ते बाहेर ओढलं आणि न पाहता बाजूला टाकलं. अदलानने एक लांब, फाटकी घरघर केली. मग खोकला. मग श्वास.

कबाशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन लहान मुलासारखा रडला. डोळे पुसले तेव्हा त्याला वाळूत पडलेला तो खडा दिसला, लाळेने ओला, खजुराएवढा, पिवळाधमक. त्याने रेघेकडे पाहिलं. रेघेची आता फक्त एक बाजू उरली होती, बाकीच्या जागी भावाचा खड्डा होता. मघाशी आपण काय ओलांडून पुढे गेलो ते त्याला तेव्हा कळलं.

तिजानीने खडा उचलला, झग्याला पुसला, आणि अदलानच्या डोळ्यांसमोर धरला.

"काय रे," तो म्हणाला, "हाच का तुझा गंजका खिळा?"