भरपाई कोणी भरली

सोनलवरच्या अत्याचाराबद्दल मिथुनला शिक्षा झाली आणि सोनलला सात लाखांची नुकसानभरपाई त्यानंच द्यावी, असा कोर्टाचा निकाल लागला. ती रक्कम मिथुनच्या आईनं, मालतीबाईंनी भरली, हे वकिलांकडून कळताच सोनल तडक शिरवण्याला त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काकी, तुमच्या पैशाला मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "गुन्हा त्यानं केला आणि पैसे तुम्ही भरता? तो लवकर सुटावा म्हणूनच ना?"

मालतीबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. त्या सावकाश उठल्या आणि तिला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथल्या खोलीत कुणी अनोळखी कुटुंब सामान लावत होतं.

"ही खोली मिथुनच्या लग्नासाठी बांदली होती. त्याच्या वाटनीची. माज्या नावावर होती म्हनून इकता आली," मालतीबाई म्हणाल्या. "माजा त्यात एक रुपया नाय, बाय. त्याचंच घेतलं आनि तुला दिलं."

सोनलनं त्या खोलीकडे एकदा पाहिलं.

"त्याचेच असतील तर घेते मी," ती म्हणाली. निघताना मात्र तिला राहवलं नाही. "काकी, तो सुटून आला की राहील कुठे?"

"कुटं बी राव दे. माज्या घरात नाय," मालतीबाई म्हणाल्या. "हितं माजी नात मोटी होते हाय."