मेंदूखालची ग्रंथी

डोमाजीची बायको अनुसया गेली त्या सकाळी डॉक्टर त्याला समजावू लागले, “काका, मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यातल्या गाठीत रक्तस्राव झाला. तुम्हाला कळायचं नाही ते.”

“मला नाही कळायचं?” डोमाजीचा आवाज चढला. “मत्स्यबीज केंद्रात तीस वर्षं माशांची डोकी फोडून तीच ग्रंथी काढली मी, तिचा अर्क मादी माशांना टोचायला. मेंदूतून संप्रेरक आलं की ती चेतते, तेव्हा मादी अंडी सोडते. आता त्या संप्रेरकाचं इंजेक्शनच टोचतो. तुम्ही मात्र दोन वर्षं माझ्या बायकोच्या डोकेदुखीला पित्ताच्या गोळ्या दिल्यात.”

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग हळूच विचारलं, “बाजूचं दिसत नव्हतं का त्यांना? गाठ वाढली की डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात. घरात कुठे धडकायच्या का?”

डोमाजीने टेबलावर मूठ आपटली. ती दाराच्या चौकटीला धडकायची, भरल्या हंड्याला ठेचकाळायची. दर वेळी तो खेकसायचा, “डोळे फुटले का तुझे?” ‘तुला नीट दिसतंय ना,’ एवढं विचारायचं राहून गेलं.