सहाशे ओहमचा हेडफोन

तिसऱ्यांदा तोच हेडफोन काउंटरवर आला, तेव्हा दुरुस्तीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काकू, दोनदा सांगितलं, हेडफोन धडधाकट आहे! सहाशे ओहमचा आहे तो. तुमच्या फोनची ताकद त्याला पुरत नाही, मोठा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. पण तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!"

"गाण्यांचं राहू दे हो," शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवत काकू म्हणाल्या. "आतला माणूस फार हळू बोलतो."

"आत माणूस नसतो, काकू! तांब्याची तार असते!"

एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून त्यानं फळीवरचा सगळ्यात दणकट अ‍ॅम्प्लिफायर खाली ओढला, सवयीप्रमाणे आवाजाचा नॉब शून्यावर आणला, त्यात हेडफोनचा प्लग खोचला आणि हेडफोन स्वतःच्याच कानांवर चढवला. गाणं अजून लावलंच नव्हतं.

कुणीतरी खाकरलं.

त्यानं रागारागानं प्लग उपटला. तार हातात मोकळी लोंबत होती. खाकरणं मात्र थांबलं नाही, उलट जवळ आलं.

"काय चेष्टा लावलीय ही?" तो काकूंवर खेकसला.

"ओरडता कशाला?" कानातला माणूस त्याच्याइतकाच वैतागून म्हणाला. "आता येतंय मला ऐकू. आलोच."

त्यानं हेडफोन ओरबाडून काढला. काउंटरपलीकडे बसलेल्या काकूंना यातलं काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.