खिशातला गूळ

घोडीने पाय उचलला तेव्हा तिला अजून कुणी हातही लावला नव्हता.

पिलाजीराव चांदणीच्या खांद्याशी जाऊन नुसते उभे राहिले, तर बाईसाहेबांनी पुढचा उजवा पाय वर करून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवून दिला. बाकीच्या पाचजणांना तिने सकाळपासून नाचवलं होतं. एकाची तर चप्पल तुडवून झाली होती.

"तुमचा हात चांगला आहे, विश्वंभरकाका," अस्मिता म्हणाली.

"घरी घोडी आहे ना, बेन. सवय," पिलाजीरावांनी ठोकून दिलं.

नाल न ठोकता घोड्याच्या खुरांची निगा कशी राखायची, ह्याचं तीन दिवसांचं शिबिर होतं. शिकवणारी अस्मिता बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका मास्तरांची मुलगी, परदेशात हेच शिकून आलेली. पिलाजीरावांनी फॉर्मवर लिहून दिलं होतं : विश्वंभर, कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर, नातवाच्या हौसेखातर घोडी पाळली आहे. तीस वर्षांच्या मिशाही उतरवल्या होत्या. बायको शालिनी हसून हसून पलंगावर बसली आणि म्हणाली, चला, लग्नाच्या फोटोतला नवरा परत आला.

हसण्यासारखं खरं तर काही नव्हतं. फतेगंजपलीकडच्या ह्याच तबेल्यात पिलाजीराव वीस वर्षं नाल ठोकत होते. महिन्यापूर्वी मालक रणवीरभाईंनी ठरवलं, आता नाल बंद, घोडे अनवाणी ठेवायचे, अस्मिताला बोलवायचं. आणि नेमकी त्याच आठवड्यात चांदणी लंगडायला लागली. नालेचा एक खिळा आत, जिवंत भागाला लागला होता. रणवीरभाई एवढंच म्हणाले की काका, राग माझ्यावर काढायचा होता, मुक्या जनावरावर नाही. हे वाक्य दोन दिवसांत बडोद्यातल्या सगळ्या तबेल्यांत पोचलं. त्यानंतर पिलाजीरावांना कुणी हाक मारली नाही.

खिळा चुकूनच गेला होता. माशी चावली, घोडी दचकली, झालं. पण वीस वर्षांत न चुकलेला हात बरोब्बर त्याच आठवड्यात चुकावा, हे त्यांचं त्यांनाच पटेना. दुसऱ्याला काय पटणार.

म्हणून ते आले होते. तीन दिवसांत ह्या पोरीचाही हात कधीतरी चुकणारच. रक्ताचा एक थेंब, चारचौघांच्या देखत. मग बिनमिशीचा म्हातारा उठून आपलं खरं नाव सांगणार होता. बघा म्हणावं, शिकलेल्यांचाही चुकतो हात.

रणवीरभाई अहमदाबादला गेले होते. घोडे सांभाळणारा सईस कुशल ओळखीचा, त्याला आधीच गप्प केलं होतं. धोका एकच, खुद्द चांदणी. पिलाजीरावांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात सवयीने गुळाचा खडा असायचा, आणि ती बया सारखं नाक तिथेच खुपसत होती.

पोरगी मात्र चुकत नव्हती. पहिल्याच दिवशी तिने वाकड्या टोकाचा चाकू सगळ्यांच्या हातात फिरवला. ह्याची एकच बाजू कापते, दुसरीने केळंही कापलं जायचं नाही, तेव्हा कुठली बाजू खाली आहे हे आधी बघा. पिलाजीरावांनी जांभई दिली. असा चाकू त्यांनी मिसरूड फुटायच्या आधी हातात धरला होता. दुसऱ्या दिवशी तिने कानस फिरवून खुराची कड अशी गोल केली की त्यांच्या तोंडून 'बराबर' निघता निघता राहिलं.

तिची मदतनीस अवंती मोबाइल धरून सगळं टिपत होती. अस्मिताने तिला बजावलं होतं, माझे हात नको घेऊस, शिकणाऱ्यांचे चेहरे घे, लोकांना तेच बघायचं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा पाठ. अस्मिताने चांदणीचा तोच पुढचा उजवा पाय गुडघ्यांत धरला. तळव्यावर कडेला बोटाएवढा लालसर डाग होता. खिळ्याची खूण.

"हा डाग पुरता काढून टाकू," ती म्हणाली. "राहिला तर घोडी लंगडतच राहणार."

पिलाजीरावांना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. डाग कधी खणायचा नसतो. खूर वाढतो तसा डाग खाली सरकतो आणि आपोआप झिजून जातो. खणलं की खाली रक्तच. नालबंदाच्या घरातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

इथे मात्र पाचहीजण माना डोलवत वहीत लिहीत होते.

अस्मिताने मूठ फिरवून चाकू नीट धरला आणि डागावर टेकवला.

गप्प बसायचं. काम एवढंच होतं. एक थेंब, की गेलेलं नाव परत. पिलाजीरावांनी दात आवळले, नजर जमिनीकडे नेली. तेवढ्यात चांदणीने मान वळवली आणि त्यांच्या खिशाशी फुरफुरली.

त्यांचे गुडघे मातीत कधी टेकले, त्यांना कळलं नाही. अस्मिताचं मनगट त्यांच्या मुठीत होतं.

"हात काढ," ते म्हणाले. "डाग खणतात का कुठे? रक्त येईल तिला."

बोलून गेल्यावर लक्षात आलं, सगळं घालवलं. न सांडलेल्या रक्ताने काय सिद्ध होणार होतं? आता पोरगी विचारणार, रिफायनरीवाल्या माणसाला हे कसं ठाऊक.

पण तिने मनगटही सोडवून घेतलं नाही. पिलाजीरावांनी खाली बघितलं. डागावर पात्याची बोथट बाजू टेकली होती.

अस्मिता अवंतीच्या मोबाइलकडे वळली; पडद्यावर अहमदाबादहून रणवीरभाई बघत होते.

"बघितलंत ना, रणवीरभाई? हा माणूस मुद्दाम खिळा खोल मारेल?" मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि पिलाजीराव, तो गूळ द्या तिला आता. तीन दिवस नुसता वास घेतेय बिचारी."