चांदीचा वाफा

आप्पासो मगदूम खुरपं घेऊन वाफ्यात उतरणार, तोच निशा दोन्ही हात पसरून आडवी आली.

"काका, चार दिवस थांबा. मुळं मोजायची ऱ्हायल्यात."

"चार दिवस? पावणं हितं फाट्यावर आल्यात, पोरी!"

पाहुणे आप्पासोंच्या लेकीला, भाग्यश्रीला बघायला येत होते, जयसिंगपूरहून. आणि पोरगी बघायला येणारे आधी रान बघतात, हे आप्पासोंना अनुभवानं ठाऊक होतं. ते स्वतः अक्काताईंना बघायला गेले होते, तेव्हा चहाच्या आधी सासऱ्यांच्या विहिरीत डोकावले होते.

कसबा बावड्यात जिकडं बघावं तिकडं ऊस. पण मगदुमांच्या दारात, रस्त्याला लागून, खपली गव्हाचा तुकडा असायचा आणि जाणारे-येणारे गाडी हळू करून तो बघायचे. यंदाही गाड्या हळू होत होत्या, पण कारण वेगळं होतं. रस्त्याकडचा वाफा कावीळ झाल्यासारखा पिवळा पडून जमिनीलगत खुरटला होता. सकाळी दूधवाल्यानंही विचारलं होतं, "आप्पासो, चुकून तणनाशक मारलासा काय?"

चुकून काहीच मारलं नव्हतं. निशा ही भाग्यश्रीची कॉलेजातली मैत्रीण. आता ती विद्यापीठात संशोधन करत होती. धातूचे डोळ्यांना न दिसणारे कण पिकाला मानवतात की बाधतात, हा तिचा विषय. तिनं चार वाफे मागून घेतले होते. पहिल्याला नुसतं पाणी, दुसऱ्याला पाण्यातून चांदीचे अगदी थोडे कण, तिसऱ्याला जरा जास्त, चौथ्याला भरपूर. आप्पासोंनी लगेच होकार दिला होता. शेतात चांदी घालते म्हटल्यावर नको कोण म्हणणार? दुसरा वाफा असा काळाभोर हिरवा उठला की त्यांनी मिशीवरून हात फिरवला. चौथ्यानं मात्र मान टाकली.

"काका, ह्यो आजारी पडला म्हणूनच कामाचा हाय," निशा काकुळतीला आली. "चांदी किती झाली की बाधती, ते ह्योच सांगतोय. उपटलासा तर माझं अख्खं वर्ष गेलं."

"आन् न्हाय उपटला तर माझी पोरगी ऱ्हायली!"

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. आप्पासोंनी खुरपं पाठीमागं धरलं, चेहऱ्यावर हसू आणलं आणि वाफ्यापुढं शक्य तेवढे रुंद होऊन उभे राहिले.

गाडीतून मुलगा अनेकांत उतरला, त्याचे वडील उतरले, शेवटी साडी सावरत आई उतरली.

"या, या पावणं! आत चला. खपलीची खीर केलीय."

पण मुलाचे वडील जातिवंत शेतकरी. त्यांची नजर आप्पासोंच्या बगलेखालून थेट वाफ्यावर गेली. "हे काय झालं वो गव्हाला?"

आप्पासोंच्या तोंडचं पाणी पळालं. निशा पुढं झाली. "मी सांगतो की. ह्यात चांदी घातलीय."

इतका वेळ चपलेची माती झटकणारी मुलाची आई थांबली. "चांदी? खरी?"

"खरी."

"किती?"

"ह्या वाफ्याला तर भरपूर."

बाईंनी वाफा बघितला, घर बघितलं, मग आप्पासोंना नव्यानं बघितलं. नवऱ्याच्या कानाशी लागून त्या रस्त्यापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजल्या, "गव्हाला चांदी घालणारा माणूस पोरीला काय कमी घालंल व्हय?"

थंडीच्या दिवसांत आप्पासोंना घाम फुटला. रोगट पिकाचं एक वेळ काहीबाही कारण देता आलं असतं. ह्याला काय सांगणार? "न्हाय वो, ती चांदी माझी न्हवं. विद्यापीठाची..."

"मोठी माणसं असंच म्हणत्यात," बाई हसल्या. "आमचंबी लई न्हाय बघा. ताट-वाट्या, समई, एक मोठी घागर, आन् घरच्या बायकांना एकेक..."

पाहुणे आत येईनात म्हणून भाग्यश्रीच चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हात गुंतलेले, म्हणून तिनं हनुवटीनं चौथा वाफा दाखवला.

"मावशी, चांदी जास्त झाली की काय हुतंय, ते पुढ्यातच हाय की."

दारात अक्काताईंनी तोंडाला पदर लावला. आप्पासोंनी डोळेच मिटले. झालं, मोडलं.

 

मग अनेकांत, जो गाडीतून उतरल्यापासून चकार शब्द बोलला नव्हता, हिरव्यागार वाफ्यापाशी उकिडवा बसला. ओंब्या धरायच्या बाकी असलेल्या त्या रोपांवरून हात फिरवत त्यानं निशाला विचारलं, "आन् ह्याला किती घातलीय?"

"नावाला. डोळ्यांना दिसायची न्हाय इतकी."

तो उठला, ट्रेमधला कप घेतला, भाग्यश्रीकडं सरळ बघितलं आणि म्हणाला, "आई, आपलंबी तेवढंच ठरवूया."

मुलाचे वडील मांडीवर थाप मारून हसले. बाईंनी एकदा पोराकडं, एकदा पोरीकडं, एकदा पिवळ्या गव्हाकडं बघितलं आणि मुकाट्यानं चहा घेतला.

पाहुणे घरात शिरल्यावर आप्पासो मागं रेंगाळले. खुरपं त्यांनी निशाच्या हातात दिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पोरी, त्या वाफ्याला हात लावू नगंस. लग्नापतोर असाच ऱ्हाऊ दे."