कण्याखालचा कागद

"लिहा घोलप, हे बाइंडिंग नाही, कत्तल आहे."

संग्रहालयातल्या टेबलावर माझ्यासमोर तपासणीसाठी तीनशे वर्षांपूर्वीचं वैद्यकाचं बाड होतं. मूळ चामडं फेकून कुणीतरी त्यावर लाल रेक्झिन चढवलं होतं. कडा सारख्या दिसाव्यात म्हणून पानं यंत्रात घालून कापली होती, आणि त्याबरोबर जुन्या वैद्यांनी समासात लिहिलेल्या टिपाही अर्ध्या उडाल्या होत्या. माझं डोकं फिरलं.

"लिहा, काम अडाणी माणसाचं. त्याच्या हाती हे बाड देणारेही तेवढेच अडाणी."

संग्रहालयाचे घोलप अहवालात उतरवून घेत होते.

मी पानं शिवतात त्या कण्यावरचं रेक्झिन सुरीने अलगद उचललं. मजबुतीसाठी बाइंडर तिथे रद्दी कागद चिकटवतात. त्यावरून काम कधीचं ते कळतं. इथे शाळेच्या वहीची पट्टी निघाली. शुद्धलेखनाची वही. कोपऱ्यात नाव होतं: कु. सुलभा दत्तोबा जिनगर, तिसरी ब.

ते माझंच नाव.

ही वही हरवली म्हणून बाईंनी मला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. घरी येऊन मी रडरड रडले, तेव्हा बाबा समोरच बाइंडिंगसाठी खळ ढवळत बसले होते. एक शब्द बोलले नाहीत.

घोलपांनीही नाव वाचलं. हळूच म्हणाले, "मॅडम, ते 'अडाणी' खोडू का?"

"अजिबात नाही. पुढे लिहा, बाइंडर दत्तोबा जिनगर. आणि तपासणारी, त्यांची मुलगी."