गळलेले शब्द

संपादक येण्याआधी तिने बैठकीतल्या खुर्च्या पुन्हा पुन्हा सरकवल्या. त्याच्या आणि घरधन्याच्या, दोघांच्याही तोंडावर खिडकीतला उजेड पडायला हवा होता. उजेड नसला की तिला काही ऐकू यायचं नाही.

ऐकू तर तिला एरवीही येत नव्हतं. एका मोठ्या आजारपणानंतर कान आधी जड झाले, मग पुरतेच गेले. ती ओठ वाचायची. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, घरधन्यालाही नाही.

सांगणार कसं? घरधनी सूक्तिकार. एका ओळीत मावेल तेवढंच लिहायचं, हा त्यांचा जन्माचा उद्योग. ओळ सुचली की ते ती बायकोला एकदाच ऐकवत. तिने आत जाऊन चहा टाकायचा आणि बाहेर येऊन ओळ परत म्हणायची. तिच्या तोंडून येताना जो शब्द गळेल तो फालतू. त्यावर काट.

"तुझे कान म्हणजे माझी चाळणी," ते म्हणत. "ती फाटली, की मी लेखणी ठेवली."

लेखणी ठेवल्यावर हा माणूस कशाच्या आधारावर उठेल-बसेल?

देवाची कृपा एवढीच, की मध्यंतरी त्यांनी एकाएकी मिशी उतरवली. तरुणपणापासून जपलेली, ओठांवर लोळणारी मिशी. "चहा गाळून प्यायचा कंटाळा आला," म्हणाले. तिचं निम्मं काम सोपं झालं.

तरी एखादा शब्द निसटायचाच. तो सोडून ती ओळ म्हणायची आणि ते मुकाट्याने काट मारायचे. नव्या पुस्तकातल्या ओळी आखूड झाल्या होत्या. लोक त्याचंच कौतुक करत, आणि ती चोरासारखी मान खाली घाले. न दिसलेले शब्द तिनेच मारले होते.

संपादक आला, नेमून दिलेल्या खुर्चीत बसला. पण कप तोंडाशी धरूनच त्याने काहीतरी विचारलं.

"साखर बेतानेच घातलीय," ती अंदाजाने म्हणाली.

संपादक गडबडला. सूक्तिकार हसले. तिने त्यांच्या ओठांकडे पाहिलं.

"घ्या. मला इतकी वर्षं कसं सोसलं, असं तुम्ही विचारता, आणि ही साखरेचं प्रमाण सांगते. उत्तर चुकलं नाही हो तिचं."

दोघेही हसले.

"काकू, ती तुमची चाळणी मला बघायचीय," कप खाली ठेवत संपादक म्हणाला. "पुढच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहीन म्हणतो."

आजवर मूळ ओळ फक्त सूक्तिकारांनाच ठाऊक असे. आज ती ऐकायला दुसरे कान समोर बसले होते. शब्द गळला तर हा विचारणार, काकू, असं कसं ऐकलंत? मग सगळंच उघडं पडणार.

सूक्तिकारांनी नेहमीसारखी खुर्ची तिच्याकडे वळवली. ओळ आली. छोटीच होती. तिने नजर हलू दिली नाही.

आत जाऊन तिने आधण ठेवलं आणि ओट्याची कड घट्ट धरून उभी राहिली. देवा, आजचा दिवस निभावून ने. उद्याचं मी उद्या मागेन.

बाहेर येऊन तिने सावकाश म्हटलं, "विचारलं नाही म्हणजे माहीत नाही, असं नसतं."

सूक्तिकारांनी मान डोलावली. काट नाही. सगळे शब्द जागेवर होते.

सुटल्यासारखा श्वास टाकून ती संपादकाकडे वळली. तो आळीपाळीने दोघांकडे बघत होता. मग त्याने तोंड तिच्याकडे केलं.

"कमाल आहे काकू," तो म्हणाला. "सरांनी तर आवाजच काढला नाही. नुसते ओठ हलवले."